कॅमेरा पाहुण्याकडे

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या केबल चॅनलवर मी कॅमेरा चालवतो. चॅनल म्हणजे काय, एक खोली, एक कॅमेरा अन् मी. पोळा, भीमजयंती, गणपती, कबड्डी, सगळं मीच दाखवतो. आमच्याकडची रीत पक्की आहे. पाहुणे मैदानात आले की पंच शिटी मारून खेळ थांबवतात, हार-शाल-नारळ होतं अन् कॅमेरा पाहुण्यांवर. वेळेवर आलेला पाहुणा मी तरी अजून पाहिला नाही.

त्या दिवशी रामाकोन्यात पोरींच्या कबड्डीची फायनल होती, लाइव्ह. निघताना गल्लीतल्या काकांनी खाटेवरूनच हाक मारली. संत्री तोडताना पडल्यानं त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांच्या पोरीला भोपाळच्या एका खेळाच्या होस्टेलात जागा मिळत होती. उद्या फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, अन् काका सही करत नव्हते.

"लोक तं कोनाचीबी तारीफ करतात. मी माह्या डोयानं पाहीन. दम दिसला तं सही, नाही तं नाही."

"बिनधास्त बसा काका, तिलेच दाखवतो," मी छाती फुगवून म्हटलं.

पोरगी संघात सगळ्यात लहान. सरांनी तिला बाकावरच बसवून ठेवलं होतं. शेवटी एक पॉइंट कमी, एकच रेड उरलेली अन् मोठ्या पोरी बाद झालेल्या, तेव्हा कुठं सरांनी तिला उतरवलं. मी तिला कॅमेऱ्यात बरोबर मधोमध धरलं. तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "हमारे बीच पधार चुके हैं..."

माझा हात आपोआप वळला. वाटलं, आता शिटी वाजणार, खेळ थांबणारच. दहा वर्षांची सवय! पण अंधार पडत आला होता, म्हणून पंचांनी खेळ थांबवलाच नाही. मी आपला हार-शाल झकास फोकसमध्ये धरून उभा. मागं एकदम गलका झाला. वळून पाहतो तर पोरींनी तिला खांद्यावर घेतलं होतं. दोघींना शिवून आली होती ती. मॅच जिंकलेली.

अरे बाप्पा! स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

तिला गाडीवर बसवून मी थेट तिच्या घरी गेलो. टीव्ही चालूच होता. फॉर्म काकांच्या उशाशी, पेन त्यावर ठेवलेला.

"काका, चूक माही झाली. कॅमेरा तिकडं वयला."

"पाहिलं ना. पाव्हण्याचा हार पाहिला, शाल पाहिली. चांगली होती शाल."

"बाबा, मी दोघीले मारून आली," पोरगी म्हणाली. अंगावर अजून मैदानाची माती होती.

"लोक सांगतीन तसं." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, तुमचा तं धंदाच पाहाचा हाय. तुमी पाहिली काय हिची रेड? तुमी हो म्हना, मी आत्ता सही करतो."

पोरगी माझ्याकडं पाहू लागली.

हो म्हणायला काय लागत होतं? सगळ्या मैदानानं पाहिलं होतं. पण जीभच रेटेना, कारण एकट्या मीच पाहिलं नव्हतं. मी खाली पाहिलं. काकांनी पेन उचलून खिशात ठेवला.