कुंपणावरचा सोऱ्या

सोऱ्या मीच दिला. तो हरवला नाही, कोणी उसना नेऊन परत करायला विसरलं नाही, घर बदलताना मागे राहिला नाही. एका शनिवारी सकाळी मी तो तळघरातून वर आणला, पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला आणि खोकं आमच्या इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. बायकोला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

का दिला, हे सांगायचं तर कर्जापासून सुरुवात करावी लागेल. कर्ज माझ्या हौसेचं होतं. पुण्याबाहेर एका इमारतीत फ्लॅट, इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत गाडी आणि गाडीवाल्याच्या घरात शोभेल असा सोफा. इमारत बांधलीच गेली नाही, गाडी विकावी लागली, सोफा तेवढा राहिला. आणि हप्ते राहिले. ते फिटायला काही वर्षं लागली, आणि त्या वर्षांत मी घरात काटकसरीचं राज्य चालवलं. हीटरचा आकडा एकच्या पुढे न्यायचा नाही. दुकानात मुदत संपत आलेल्या मालावर सवलतीची लाल चिठ्ठी असते, ती नसेल तर हात लावायचा नाही. बागेत लोकांनी टाकलेल्या रिकाम्या बाटल्या मी पिशवीत गोळा करायचो आणि सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घालून त्यांचे फांडचे, म्हणजे बाटलीच्या अनामतीचे, सेंट घ्यायचो. माझी मुलगी तेव्हा माझ्यापासून दहा पावलं मागे चालायची. तिला मराठी सगळं समजतं, पण लाज तिला जर्मनमध्येच वाटते. “पापा, पाइनलिश!” असं ती दातांतल्या दातांत म्हणायची आणि जॅकेटची टोपी डोळ्यांवर ओढायची.

शेवटचा हप्ता गेला आणि माझं डोकं फिरलं. आजारातून उठलेला माणूस भेटेल त्याला काढ्याची कृती सांगतो, तसं माझं झालं. कोणाच्या घरी जेवायला गेलो तरी मी कर्जमुक्तीवर बोलायचो. “आम्ही बघा, साधं राहिलो. बाटली न् बाटली परत केली,” असं मी सांगायचो. बायको शेजारी बसून पोळीचा घास चावत राहायची. तो घास ती जरा जास्तच वेळ चावते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग मला वस्तू खुपायला लागल्या. ज्या वस्तूंपायी कर्ज झालं त्याच आता घर अडवून बसल्यात, असं वाटायला लागलं. मी नियम केला: वर्षभर हात लागला नाही, ती वस्तू बाहेर. इथे त्याची सोयही छान आहे. नको असलेलं सामान खोक्यात घालून रस्त्याकडेला ठेवायचं आणि वर ‘त्सु फेर्शेंकन’ असा कागद लावायचा, म्हणजे फुकट न्या. येणारेजाणारे वाकून बघतात, हवं ते उचलतात. मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहून कोण काय नेतं ते बघायचो. आमचा न वापरलेला फॉन्ड्यूचा संच एका सायकलवाल्याने नेला, तेव्हा मला कन्यादानाचं पुण्य लागल्यासारखं झालं होतं.

“आज काय दान झालं, दानशूर?” बायको विचारायची. “मला कधी ठेवतोस कुंपणावर? कागदावर लिही, स्वयंपाक येतो, थोडी खरचटलेली आहे.”

मुलीने आपल्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘निश्ट त्सु फेर्शेंकन’, म्हणजे फुकट द्यायचं नाही, असं लिहून चिकटवलं. तिच्या गिटारवरही तीच चिठ्ठी होती. काही दिवसांनी तशीच एक मसाल्याच्या डब्यावर दिसली. ते अक्षर बायकोचं होतं.

तिने सोऱ्यावरही चिठ्ठी लावायला हवी होती. पण तो केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आमच्या जाळीच्या खोलीत, पुण्याच्या साडीदुकानाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला होता. पितळेचा, वरचा दांडा फिरवायचा. लग्नानंतर माझ्या सासूबाईंनी पुण्याच्या बोहरी आळीतून घेऊन दिला होता, आणि बायकोने तो हातातल्या बॅगेतून जर्मनीत आणला होता. विमानतळावर तपासणीच्या माणसाने तो उलटासुलटा करून चार सहकाऱ्यांना बोलावलं होतं. शेवटी बायकोने हवेत गोल गोल काढून चकली म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा सुटका झाली. एवढ्या वस्तूला मी वर्षाचा नियम लावला. नियमाप्रमाणे वर्षही पुरतं झालं नव्हतं. मी अंदाजे धरलं.

खोकं ठेवून मी वर आलो, चहा केला, पडद्यामागून बघितलं तर सोऱ्या गेलेला होता. कोण घेऊन गेलं ते दिसलं नाही, याची मला हळहळ वाटली. फक्त त्याचीच.

दिवाळी जवळ आली. घरात भाजणी भाजल्याचा वास सुटला, आणि मी लॅपटॉपसमोर बसल्या जागी गार पडलो.

“अरे, सोऱ्या कुठे दिसला का तुला? केलरमध्ये नाहीये.”

इथे मी सांगू शकत होतो. वाक्य छोटं होतं. पण मी म्हणालो, “असेल तिथेच कुठेतरी. चल, मी येतो शोधायला.”

आणि मी शोधला. स्लेजच्या मागे, जुन्या सूटकेसमध्ये, रंगाच्या डब्यांच्या खाली. बायकोपेक्षा जास्त मन लावून शोधला. गुडघ्यांवर बसून बॅटरी मारत होतो. “तू बस वर जाऊन, तुझी कंबर दुखते,” असंसुद्धा म्हणालो. ती खरंच माझ्याकडे कौतुकाने बघत वर गेली. त्या कौतुकाची आठवण आली की मला आजही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

सोऱ्या सापडला नाही तेव्हा बायकोने तर्क केला की तो कोणीतरी उसना नेला असणार. संशय आला तो ट्रामने तीन थांबे पलीकडे राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीवर. आमचं इडलीपात्र या बाईंकडे एकदा एक अख्खा हिवाळा राहिलं होतं, त्यामुळे पूर्वइतिहास होता. बायकोने तिला फोन केला. ती म्हणाली नाही नेला. बायको म्हणाली नीट आठव. ती म्हणाली मला आठवायला काय झालंय. फोन ठेवला गेला. त्या रविवारी मैत्रीण नेहमीप्रमाणे चहाला आली नाही.

आता मी घाबरलो. मी चोरून ऑनलाइन दुसरा सोऱ्या मागवला. पितळेचा मिळाला नाही, स्टीलचा मिळाला. जुना काळवंडून असा दिसतोय, असं काहीतरी सांगायचा माझा बेत होता. पितळ काळवंडून स्टील होत नाही, हे मला माहीत आहे. मी इंजिनिअर आहे. पण घाबरलेल्या माणसाचं रसायनशास्त्र वेगळं असतं.

पार्सल आलं तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून पोस्टमनने ते तळमजल्यावरच्या आजींकडे दिलं. या आजी एकट्या राहतात. जिन्यात कोणाच्या सायकलचा चिखल पडला ते त्यांना चाकांच्या नक्षीवरून कळतं. मी बेल वाजवली.

“आ, बरे आलात! आत या, आत या, मला आत्ता हात सोडता येत नाही.”

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यावर आजी दोन्ही हातांनी आमचा सोऱ्या धरून दांडा फिरवत होत्या. खालून पिठाचे तुकडे पाण्यात पडत होते. त्या इथल्या नूडल्स करत होत्या, श्पेट्झले.

“बघा काय यंत्र मिळालंय! पितळी! माझ्या आईच्या वेळचं श्पेट्झले पाडायचं यंत्र मोडलं होतं, आणि हा कुंपणावर फुकट पडलेला. लोक किती मूर्ख असतात हो आजकाल, असल्या वस्तू टाकून देतात!”

“गेनाऊ,” मी म्हणालो. म्हणजे, अगदी बरोबर.

“ज्याने टाकला त्याला अक्कल नाही.”

“गेनाऊ.”

“हा मी मरेपर्यंत सोडणार नाही,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पार्सल दिलं, आणि वर झाकण लावून श्पेट्झलेचा डबाही दिला. “बायकोला द्या. लोणी घालून गरमच खा.”

डबा न नेणं शक्य नव्हतं. पार्सल मी वाटेत जिन्यातल्या बाबागाडीमागे लपवलं.

रात्रीच्या जेवणाला बायकोने श्पेट्झले लोण्यात परतून वाढले. मुलगी खूश झाली. बायकोने एक घास घेतला, मग दुसरा काट्याला टोचून दिव्याखाली धरला. श्पेट्झलेला कडा नसतात. याला होत्या. चांदणीसारख्या, आणि त्यातली एक बाजू सपाट. आमच्या सोऱ्याच्या चकलीच्या चकतीचा एक दात झिजला होता. त्यामुळे आमच्या घरच्या प्रत्येक चकलीची एक कड काट्याविना निघते. कार्ल्सरूहेत ज्यांनी तिच्या चकल्या खाल्ल्या आहेत ते सगळे ही कड ओळखतात.

“अहो,” बायको म्हणाली.

ती मला अरे म्हणते. अहो फक्त दोन वेळा म्हणते: सासूबाई समोर असताना, आणि आता काही खरं नाही अशा वेळी. सासूबाई पुण्यात होत्या.

“खालच्या आजींकडे आपला सोऱ्या कसा?”

“मी... वर्षभर वापरला नव्हता ना, म्हणून...”

“का नव्हता वापरला?”

मी काट्याने श्पेट्झले ताटलीत इकडून तिकडे सारले.

“सांगा ना. का नव्हता?”

मुलीने आपली ताटली उचलली आणि आवाज न करता खोलीत निघून गेली.

मग बायकोनेच सांगितलं, आवाज न चढवता. हप्त्यांच्या सगळ्या वर्षांत शनिवार-रविवार ती ऑर्डरच्या चकल्या करायची. कार्ल्सरूहेतल्या, श्टुटगार्टच्या लोकांच्या, कोणाच्या बारशाच्या, कोणाच्या दिवाळीच्या. ते पैसे कुठे जायचे ते मला माहीत होतं. मी ते हप्त्यात धरायचो आणि विसरायचो. माझ्या बाटल्या मात्र माझ्या लक्षात राहायच्या. कर्ज फिटल्यावर तिने सोऱ्या गुंडाळून खाली ठेवला, कारण तिचा खांदा भरून यायचा आणि तिला काही महिने तो डोळ्यांसमोरही नको होता.

“यंदा पहिल्यांदा घरापुरत्या करणार होते. कोणाच्या ऑर्डरच्या नाहीत, हप्त्याच्या नाहीत. आपल्या. आणि तू तो कुंपणावर ठेवलास. वर माझ्याबरोबर शोधत होतास, बॅटरी घेऊन!”

ती परत अरेवर आली होती, पण ते बरं लक्षण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खाली गेलो. मी आजींना खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या जिन्यातल्या चिखलाकडे बघतात. मग ठामपणे म्हणाल्या, “गेशेंक्ट इस्ट गेशेंक्ट.” दिलं ते दिलं. इथली पोरंसुद्धा खेळताना हे म्हणतात, आणि त्यावर अपील नसतं. मी स्टीलचा सोऱ्या पुढे केला. आजींनी तो बोटाने वाजवून बघितला आणि परत केला.

बायकोने मला बाजूला सारलं. तिने आजींना भाजणीचा डबा उघडून दाखवला, वास घ्यायला दिला, आणि विमानतळावर केले होते तसे हवेत गोल काढले. आजींनी विचारलं, तळायला तेल किती लागेल. तह झाला. सोऱ्या आजींचा, दिवाळीला आमचा, चकल्या त्यांच्याच स्वयंपाकघरात, कारण त्यांच्याकडे खिडकी मोठी आहे.

“दांडा कोण फिरवेल?” आजींनी विचारलं.

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

चकल्यांसाठी रविवार ठरला. त्याआधी मी बायकोच्या मैत्रिणीला फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हणजे मी चोर नाही, तुम्ही दाता. बरं. माझ्या वाटणीच्या चकल्या पाठवा, मग बघू.”

तर त्या रविवारी मी आजींच्या ओट्यापाशी उभा होतो. बायको कढईपाशी, आजी खुर्चीवर बसून देखरेख करत होत्या. उकड काढून मळलेली भाजणी सोऱ्यात भरायची, दांडा फिरवायचा आणि बेकिंग पेपरवर गोल काढायचे. पहिली चकली कंसासारखी झाली, दुसरी प्रश्नचिन्हासारखी. तिसऱ्या घाण्यापर्यंत माझा खांदा पेटला होता आणि परातीतलं पीठ काही कमी दिसत नव्हतं. मला वाटलं, ही शनिवार-रविवार असं करायची, आणि मी शेजारच्या खोलीत त्या सोफ्यावर बसून काटकसरीचे व्हिडिओ बघत असायचो.

“हात थांबवू नकोस,” बायको म्हणाली. “तेल तापलंय.”

“मला काहीतरी बोलायचंय.”

“फिरवत फिरवत बोल.”

मी फिरवत राहिलो. आजींना मराठी येत नाही, पण त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मी म्हणालो, “तुझी वस्तू तुला न विचारता दिली. दिल्यावर खोटं बोललो, शोधायचं नाटक केलं, तुझ्या मैत्रिणीवर आळ येऊ दिला. आणि कर्ज मी केलं, फेडलं तू, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की बाटल्यांनी फिटलं. चुकलं माझं. मला माफ कर.”