कान्हूआज्जाच्या कवळीला स्टीलची दाढ

कान्हूआज्जाचे कान टोचले ते बासष्टाव्या वर्षी. दोन्ही टोचले, आणि पाच वर्षांच्या नातीच्या आधी पाटावर बसून टोचून घेतले. रामनगरचा सोनार हसून म्हणाला, "आज्जा, आता या वयात हौस आली व्हय?"

"हौस कसली रं," आज्जा म्हणाला. "रांगेत माझा नंबर आधी हाय."

रांग म्हणजे दोघांचीच. पुढं आज्जा, मागं मयूरी. मयूरी जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरीला डाउन सिंड्रोम आहे, शिकेल पण सावकाश शिकेल, आणि काळजाला बारीक भोक आहे. ती उशिरा चालली, उशिरा बोलली. पण एक गोष्ट तिनं फार लवकर ठरवली, ती अशी की आपल्याला जे काय व्हायचं ते आधी आज्जाला व्हायला पाहिजे. औषधाचा पहिला चमचा आज्जाला. केस कापायचे तर आधी आज्जाचे, आणि तिच्यासारखेच, कपाळावर सरळ रेघेत. शाळेच्या पहिल्या दिवशी आज्जा पाटी घेऊन तिच्याआधी बाकावर बसला होता. दसऱ्याला टिकल्यांचा फ्रॉक आणला तेव्हा तो आधी आज्जाच्या डोक्यातून घालावा लागला. खांद्याशी असा अडकला की सुमंगलानं, म्हणजे त्याच्या सुनेनं, शिवण उसवून सासऱ्याला बाहेर काढलं.

इंजेक्शनाचं सगळ्यात अवघड. नर्सबाई त्याच्या दंडाला बिनसुईची सिरिंज टेकवायच्या आणि आज्जा "आई गं" म्हणायचा. फार ओरडला तर मयूरी पळून जायची आणि अजिबात ओरडला नाही तर तिला खोटं वाटायचं. बेतानं ओरडायला तो हळूहळू शिकला.

कॅसलरॉककडच्या रानातलं गाव ते, घरं मोजकी, हसायला लोकांना तेवढंच. आज्जा कुणाचं मनाला लावून घ्यायचा नाही. "देवानं मला आधी जन्माला घातलंय," तो म्हणायचा, "ते काय उगंच?" मुलगा गोपाळ गोव्यात कारखान्यात कामाला, सणाला यायचा. मागं घरात सून, नात आणि हा.

मयूरी नऊ वर्षांची झाली आणि तिच्या खालच्या दोन दाढा किडल्या, एक या बाजूची, एक त्या बाजूची. गाल धरून बसायची. भाकरी सुटली, भाजलेले कणगीचे कंद सुटले, नुसत्या पेजेवर आली. बेळगावच्या काळजाच्या डॉक्टरांनी सुमंगलाला बाजूला घेऊन सांगितलं, "दाढेत पू झाला तर तो रोग रक्तातून काळजाला पोचतो. चालढकल करू नका. आणि या काळजाला पूर्ण भूल शक्यतो नको."

तेवढं ऐकल्यापासून आज्जा देवापुढं बसला की लवकर उठेना.

रामनगरला दातांच्या एक डॉक्टरबाई होत्या, प्रियांका नावाच्या, वयानं लहान. त्यांनी मयूरीशी आधी भातुकलीच्या गप्पा मारल्या, मग हातात एक इवलीशी चकचकीत टोपी दिली.

"दुधाच्या दाढा आहेत, पण अजून दोन-तीन वर्षं तिला लागणार," त्या सुमंगलाला म्हणाल्या. "अजून पू झालेला नाही, म्हणून जमतंय. सुई नको, कोरायला नको. ही स्टीलची टोपी सिमेंट भरून दाढेवर ठेवायची आणि तिनं चावून ती घट्ट बसवायची. फक्त तोंड तिनं आपणहून उघडलं पाहिजे आणि आपणहून चावलं पाहिजे. धरून-दाबून हे होत नाही."

मयूरीनं टोपी करंगळीच्या टोकावर घालून बघितली, मग आज्जाकडं बोट केलं. "आज्जा आधी."

"हां, मग या आज्जा," डॉक्टरबाई हसत म्हणाल्या.

आज्जा खुर्चीत बसला आणि आ केला. डॉक्टरबाईंनी दिवा डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला, वर केला, खाली केला.

"एकही नाही?"

"व्हता एक," आज्जा म्हणाला. "शिमग्यात गेला."

"मग टोपी कशावर घालू?"

मयूरीनं आज्जाच्या तोंडात वाकून नीट बघितलं आणि निवाडा दिला. "घाल की."

सुमंगलानं कपाळाला हात लावला. पोरीची मावशी खुर्चीत येऊन बसली, शाळेच्या बाई येऊन बसल्या, पण मयूरीला त्यांच्या तोंडांशी काही देणंघेणं नव्हतं. शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, "आज्जा, तुम्हाला कवळी करूया. तुमच्या कवळीच्या दाढेवर टोपी घालते, मग ती बसेल."

इतकी वर्षं सुमंगला मागं लागली होती, मामंजी, दात बसवून घ्या. तेव्हा आज्जा म्हणायचा, पेज गिळायला दात कशाला? आता म्हणाला, "कधी येऊ?"

मग मापं झाली, खेपा झाल्या आणि कवळी आली. वरची एक, खालची एक, ओळीनं पांढरेशुभ्र दात. आज्जा ती घालून घरात शिरला आणि म्हणाला, "मयूरी, बघ काय आणलंय."

शब्द कसा स्वच्छ आला! बोळक्या तोंडातून आजवर जे भाताच्या गोळ्यासारखं एकत्र बाहेर पडायचं ते सुटं-सुटं, खणखणीत पडलं. मयूरीनं वळून बघितलं आणि किंचाळून आईच्या पदराआड गेली.

"कोण हाय त्यो?"

"आज्जा हाय गं तुझा."

"न्हाई. आज्जा असा बोलत न्हाई. आज्जा कुठं हाय?"

झालं. ज्या दातांनी रांगेत पुढं उभं राहायचं त्याच दातांनी आज्जाला रांगेतून काढलं. दोन दिवस पोर दारात बसून आज्जाची वाट बघत होती आणि आज्जा तिच्या शेजारी बसला होता.

त्यात भर गाऱ्हाण्याची. गावात देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान कान्हूआज्जाच्या घराचा. तो एकेका घराचं नाव घेऊन देवाला सांभाळ म्हणायचा आणि मागं उभे लोक दर वेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. दात गेल्यापासून तो काय म्हणतो ते कुणाला कळत नव्हतं. देवाला कळतंय ना, मग झालं, असं सगळे समजून होते. मयूरीच्या दाढांचं सुखरूप व्हावं म्हणून आज्जानं नव्या कवळीसकट गाऱ्हाणं घातलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू आला. रुक्माचं घर आलं, महाबळेश्वरकाकाचं आलं, नदीपलीकडचंही आलं. गाऱ्हाणं संपलं.

"थांब," मागून नागू म्हणाला. "माझं घर कुठं हाय?"

आज्जा देवाकडं बघायला लागला.

"म्हंजे इतकी वर्षं घेतलंसच न्हाईस? आन् मी मागं उभा ऱ्हाऊन व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा म्हणून घसा कोरडा करतोय!"

"तुझ्या शेळीनं माझे कणग्यांचे वेल खाल्ले व्हते," आज्जा म्हणाला. तेही अगदी स्वच्छ ऐकू आलं.

अडचण अशी की गावात जीप एकट्या नागूचीच, आणि गुरुवारी रामनगरला न्यायचं त्यानंच कबूल केलेलं. गुरुवारी तो आला खरा. तोंड फुगवून त्यानं तिघांना बसवलं आणि ऐन रानात, वळणावर, गाडी बंद केली.

"आता घे माझ्या घराचं नाव. मग गाडी हलंल."

"अरं, पोरीची वेळ चुकंल!"

"मग लवकर घे."

आज्जा उतरला. देव राहिला गावात, म्हणून ज्या दिशेला गाव तिकडं तोंड करून त्यानं रस्त्यातच गाऱ्हाणं घातलं. नागूचं घर घेतलं, त्याची म्हस घेतली, आणि नागूनं डोळे वटारले तेव्हा शेळीही घेतली. "व्हय म्हाराजा" म्हणायला नागू एकटाच. मागून आलेली बस थांबली, कंडक्टरनं खिडकीतून हात जोडले, काय चाललंय ते न विचारता दोन-चार प्रवासीही "व्हय म्हाराजा" म्हणाले. बसमधल्या बायांनी तर आपापल्या अडचणी मनात सांगून घेतल्या असतील. गाडी हलली.

दवाखान्यात मात्र कुणाचंच गाऱ्हाणं चालेना. आज्जा खुर्चीत बसला, सगळे दात दाखवत हसला आणि मयूरीनं तोंड भिंतीकडं केलं. "माझा आज्जा आणा."

"मयूरी, मी हाय गं."

"तू न्हाई."

सुमंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडं बघितलं नाही, पण बाहेरच्या लोकांनी बघितलं. गाल सुजलेला एक माणूस दारातून दोनदा डोकावून गेला.

आज्जाच्या मनात आलं, देवा, हिच्याआधी जायला दात घातले, आन् मीच हिच्यापासनं दूर गेलो. त्यानं कवळी उपसून तळहातावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाला, "मयूले, मीच हाय गं."

पोर गर्रकन वळली. "आज्जा!" म्हणून त्याच्या पोटाला बिलगली. खूप वेळ बिलगली. मग तिचं लक्ष तळहातावरच्या दातांकडं गेलं. इतके दिवस आज्जाला गिळून बसलेला तो हाच, हे तिला बहुतेक तिथंच कळलं.

तिनं आज्जाला खुर्चीतून उठवलं. कवळी खुर्चीच्या उशीवर ठेवली. छातीवर बांधतात तो रुमाल तिच्यासमोर पसरला.

"ह्याला आधी," ती म्हणाली.

डॉक्टरबाई मोठ्या शहाण्या. त्यांनी हातमोजे घातले, दिवा कवळीवर आणला आणि अगदी आदरानं म्हणाल्या, "आ करा."

मयूरीनं वरची कवळी उचलून दातांचा आ केला.

"दुखतंय का?"

मयूरीनं कान लावून ऐकलं. "न्हाई म्हणतो. घाबरलाय थोडा."

"घाबरू नका म्हणावं." टोपीत सिमेंट भरून त्यांनी ती कवळीच्या दाढेवर ठेवली. "आता जोरात चावा."

दोन्ही कवळ्या एकमेकींवर दाबून धरायचं काम सुमंगलाकडं आलं. तेवढ्यात गाल सुजलेला माणूस पुन्हा डोकावला, खुर्चीकडं बघितलं आणि बाहेर जाऊन बाकीच्यांना सांगितलं, "माणूस असता तर समजलो असतो. नुसते दातच पुढं घुसवलेत!"

"ओरडू नको," नागूनं त्याला दटावलं. "आत पेशंट हाय."

सिमेंट सुकलं. मयूरीनं कवळी उचलून टोपी बोटानं ढकलून बघितली. हलेना. तिनं कवळी खिशात टाकली आणि आपण होऊन खुर्चीत चढायला लागली. सवयीनं आज्जा पुढं सरकला.

"तू न्हाई," मयूरी म्हणाली, आणि त्याची फार दया आल्यासारखा त्याचा हात थोपटला. "तुला दातच न्हाईत."

आज्जा बाजूला झाला. कानाला भोक पडल्यापासून आजवर हे झालं नव्हतं. पोर अशा ठिकाणी चालली होती जिथं तो जाऊन आलेला नव्हता, आणि तिला सांगायला त्याच्याकडं काही नव्हतं. हात कुठं ठेवावेत तेही त्याला समजेना. त्यानं ते जोडले.

मयूरीनं आ केला. डॉक्टरबाईंनी एका दाढेवर टोपी ठेवली. "चाव, बाळा, जोरात." मयूरीनं डोळे मिटून चावलं. सुमंगलानं दात आवळले, दारातल्या नागूनं आवळले, आज्जानं हिरड्या आवळल्या. थोडी कळ आली असणार, कारण पोरीचे पाय ताणले गेले. पण तिनं तोंड उघडलं नाही. मग दुसरी बाजू. तीही झाली.

डॉक्टरबाईंनी आरसा दिला. मयूरीनं दोन्ही चकाकत्या दाढा बघितल्या, खिशातली कवळी काढून तिलाही दाखवल्या, आणि दोघांना पसंत पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगलानं सवयीनं तिच्यापुढं पेजेची वाटी ठेवली. मयूरीनं ती आज्जाकडं सरकवली, तव्यावरून उतरलेल्या भाकरीची करपलेली कड मोडून घेतली आणि दाढेखाली धरली. कुर्रर आवाज झाला. ती थांबली, दुसऱ्या बाजूनं चावून बघितलं. तिथंही झाला.

सुमंगलानं दुसरी भाकरी थापायला घेतली. आज्जा पेज गिळत होता, आणि पोर चावत होती.