सगळेच पहिल्या पाळीला

मार्था साळवेवर मी जेवढा खेकसलो, तेवढा सख्ख्या पोरीवर बी कधी खेकसलो न्हाई. शिरूरच्या मिशन कंपाउंडातली ही पोरगी. वडील विल्यमभाऊ दौंडला रेल्वेत होते. पुण्यात कॉम्प्युटर शिकली आन् आमच्या बाळासो मालकांच्या हापिसात लागली. मालकांच्या चौदा बसगाड्या रांजणगावच्या एका कारखान्याचे कामगार नेतात. मी हनुमंत, गाड्यांचा सुपरवायझर. सगळे आप्पाच म्हणतात.

कामगार सहाशे बारा, पाळ्या तीन. दर रविवारी पाळी फिरते. पहिलीवाले दुसरीला, दुसरीवाले तिसरीला, तिसरीवाले पहिलीला. मार्थाचा प्रोग्राम एकेक नाव उघडायचा, पाळी बदलायचा, मग पुढचं नाव. अर्धा तास जायचा. पाचला सगळ्यांच्या आन् माझ्या बी मोबाइलवर बसचा नंबर आन् टायम आपोआप जातो, म्हणून माझा जीव टांगणीला.

"अगं बये, एका दमात कर की सगळ्यांचं!" दर रविवारी माझं हेच तुणतुणं.

गेल्या रविवारी चर्चमधनं ती थेट हापिसात आली. अंगावर क्वायरची, म्हंजे गाणाऱ्यांची, पांढरी साडी. म्हणाली, "आप्पा, आज नवीन पद्धत करते. पण आधी थोडी तपासू द्या."

"तपासतीस काय? चालव!" मी म्हणालो.

तिनं चालवली. कॉम्प्युटरला तीन हुकूम, तीन सेकंद. शाबास म्हणून मी चहा सांगितला.

चहा आला तवा पोरीचा चेहरा पांढराफटक. स्क्रीनवर पहिली पाळी सहाशे बारा. दुसरी शून्य. तिसरी शून्य.

"आप्पा, मी आधी पहिलीवाल्यांना दुसरीत टाकलं. मग दुसरीतल्या सगळ्यांना तिसरीत, त्यात ते पण गेले. मग तिसरीतल्या सगळ्यांना पहिलीत. आता कोण कुठला, काहीच कळत नाही."

सकाळी सहाला सहाशे माणसं रस्त्यावर उभी राहणार, आन् रात्रीचा कारखाना रिकामा. मेसेज पाठवणारी कंपनी वेगळी, रविवारी तिथं फोन कोण उचलतंय! घड्याळात पावणेचार.

"जुनी कॉपी न्हाई का?"

"शुक्रवारची आहे. पण शनिवारी तुम्ही ज्यांच्या पाळ्या बदलून दिल्यात, ते त्यात नाही."

कॉपी परत चढवण्यात अर्धा तास गेला. मी खिशातली डायरी काढली. पाळीबदल नऊ दिले होते, डायरीत आठच. नववा फोनवर आला होता. मी मांडवगणला सासुरवाडीत जेवत होतो, तसाच मार्थाला फोनवर सांगून मोकळा झालो. बाईमाणूस होतं, नवरा कुरकुंभला रात्रपाळीला, घरात तान्हं पोर, म्हणून तिसरी पाळी नको म्हणत होती. पण नाव? मला बी आठवंना, मार्थाला बी. डोकं बडवून घेतलं.

"आप्पा, फोन किती वाजता आला होता?"

एक वाजून दहा मिनिटं. मोबाइलमध्ये नंबर सापडला. मार्थानं तो सहाशे बारा नंबरांत शोधला. प्रगती! ते पोर रात्री एकटं राहिलं असतं, माझ्यापायी.

नऊच्या नऊ बदल भरले तवर पावणेपाच झाले. या बारीला मार्थानं एकच हुकूम लिहिला. प्रत्येकाची जुनी पाळी बघून नवी ठरवायची, आन् सगळ्यांची एकदम बदलायची. पण चालवला न्हाई. आधी तीन पाळ्यांतली तीन नावं घेऊन करून बघितलं. माझ्या तोंडात आलं होतं, चालव की लवकर! जीभ चावली.

मग चालवला. दोनशे पाच, दोनशे तीन, दोनशे चार. चार वाजून छप्पन्न मिनिटं. पाचला माझा मोबाइल वाजला. मेसेज बरोबर होता. मी खुर्चीत बसलो.

तेवढ्यात मालकांचा फोन. मार्थानं स्पीकरवर घेतला. "चार वाजता मोबाइलवर बघितलं तर सगळे पहिल्या पाळीला! कुणी केलं हे?"

"मी, सर. चूक माझी आहे. आता नीट केलंय."

"कारखाना बंद पडला असता! उद्यापासनं येऊ नको."

माझं नाव तिनं घेतलं न्हाई. गुपचूप चार्जर गुंडाळायला लागली. मला स्वतःचीच शरम वाटली. तीस वर्षं गळा फाडून ओरडलो, आन् आत्ता वाचा बसली होय? मी फोन ओढून घेतला.

"मालक, ती तपासू द्या म्हणत होती. मी दिलं न्हाई. काढायचं तर मला काढा."

"आप्पा, तुम्हाला काढलं तर उद्या सहाला गाड्या कोण सोडणार?"

"आन् तिला काढलं तर पुढच्या रविवारी पाळ्या कोण फिरवणार? मला तर नुसतं ओरडाय येतंय."

मग मालक म्हणाले, "सकाळी दोघं बी या."

मार्थानं चार्जर परत भिंतीला लावला. चहा गार झाला होता. मी म्हणालो, "बये, दुसरा सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली, "पण घाई नको, आप्पा."