सिस्टरनी सुधारलेली वही

सुलभा सिस्टरना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वाजता?" कुणाला ताप आला, कुणाची म्हैस व्यायली, कुणाचं लग्न जमलं, सगळ्याला तेच. माझी वरवट बकालच्या शाळेत बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी वैतागून म्हटलं, "बदलीला कसली आलीय वेळ?" तर म्हणाल्या, "वेळ सांगा लागली म्हंजे मानूस बाकीचं खोटं कमी सांगते."

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी नोकरी काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. रोज दुपारी चारला ओसरीवर बसून वही लिहायच्या. मी एकदा डोकावले. ‘सहा वाजता उठले. डावा गुडघा सुजलेला. नळ आला नाही. शेजारच्या मास्तरीणबाई फणफणत शाळेत गेल्या. उद्या गुडघा पुन्हा पाहणे.’

"ही डायरी आहे की केसपेपर?" मी हसले.

"ड्युटी बदलली का दुसऱ्या नर्सले चार्ज द्या लागते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पेशंट कसा हाये, हे तिले वाचूनच समजलं पाह्यजे. आता उद्या ड्युटीवर मीच हाये, तं मलेच चार्ज देऊन राह्यली."

डायरी मीही लिहायची आणि त्याचा मला केवढा तोरा होता! ‘आज मन पुन्हा झाकोळलं’ अशा छापाची पानंच्या पानं. मग आईचं सुरू झालं. आई माझ्याजवळच असते, तिला शुगर आहे. महिनाभर तिला अधूनमधून दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. एकदा तर ती न्हाणीच्या दारात कोसळली. मी तिला खामगावला नेलं, सोबत सिस्टर. डॉक्टरांनी विचारलं, असं कधी होतं, किती वेळा, आधी काय खाल्लं होतं? मी लगबगीनं पर्समधून डायरी काढली. ‘आईमुळे जीव टांगणीला.’ ‘किती एकटी पडले मी.’ चार पानं उलटली, एक वेळ सापडेना. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे नीट नोंद ठेवा आणि या.

परतीच्या बसमध्ये सिस्टरनी वही चाळली. "मास्तरीनबाई, तुह्या वहीत तूच तू हायेस. माय कुठी हाये?"

मला असा राग आला की वाटलं, मधेच उतरावं. पण पुढच्या वेळी आई पडली आणि उठलीच नाही तर, या भीतीपुढे रागाचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी गुमान वही घेऊन मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"वाईट वाटलं असं लिहू नको. काय दिसलं ते लिही. मायनं काय म्हटलं ते तिच्याच तोंडचं लिही," त्यांनी बजावलं. ‘आई खिन्न दिसली’ हे माझं वाक्य तर त्यांनी तिथल्या तिथे खोडलं. "खिन्न म्हंजे कसं वं? डोये मिटले होते का उघडे?" पहिला आठवडा माझी पानं लाल झाली. शाळेत मी पोरांच्या वह्या तपासायची आणि घरी आले की माझी तपासली जायची.

तिसऱ्या आठवड्यात त्या वाचता वाचता थांबल्या. "हे कुत्रं सोमवारी आन् गुरुवारीच काऊन येते वं?"

मी पानं उलटली. ‘सोमवार, पाच वाजता. शाळेतून आले. आई भिंतीला टेकून, अंगाला घाम. दारात काळं कुत्रं, समोर भाकरीचे तुकडे.’ गुरुवारी पुन्हा तेच. पुढच्या सोमवारी तेच. रोज सकाळी शुगरची गोळी मी माझ्या हातानं देऊन जात होते आणि मागे ठेवलेली भाकर आई कुत्र्याला घालून दिवसभर उपाशी राहत होती. रिकाम्या पोटी गोळीनं शुगर उतरायची, घाम त्याचाच होता.

घरी येऊन मी तोंड उघडणार तोच सिस्टरनी माझा दंड धरला. "वरडू नको. इचार तिले."

आई पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "तू रोज सांजच्याला त्या वहीपुढं रडत बसतं. मले वाचता येत नाही. काय दुःख लिहितं, कोनाले मालूम? म्हनून महादेवाले सोमवार बोलली आन् दत्ताले गुरुवार. म्हटलं, हिचं दुःख ने."

सिस्टर आईला म्हणाल्या, "देवाले मी समजावतो. तू आधी जेव."

त्या संध्याकाळी मी आईला शेजारी बसवून दिवसाचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "भाजी वांग्याची नव्हती, दोडक्याची होती." मी खोडून दोडकं केलं. मग हा रोजचाच परिपाठ झाला. डॉक्टरांनी गोळी बदलली, आई जेवायला लागली, घाम थांबला. माझं लिखाण तर इतकं सुधारलं की आता मला त्याचा पुन्हा तोरा आहे, आणि या वेळचा रास्त आहे.

सिस्टर मागच्या हिवाळ्यात गेल्या. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आमच्याकडेच बसल्या होत्या. त्या गेल्या त्या संध्याकाळी मी आईपुढे आदल्या दिवसाचं, वाचायचं राहिलेलं पान काढलं. ‘साडेतीन वाजता सिस्टर आल्या. पायात मोजे. उन्हात बसल्या. चहा घेतला.’ पुढे वाचवेना. त्या बाईवर माझा किती जीव होता, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

आई वहीवर बोट ठेवून म्हणाली, "दोन खेपा घेतला तिनं चहा. दुसऱ्या खेपी म्हने, साखर अजून टाक. ते राह्यलं."

मी पेन उघडलं आणि लिहिलं.