मामंजी आले म्हणून उठले

माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला कळा यायला लागल्या, त्या ऐन भाताच्या लावणीत. दुखण्याला मुहूर्त पाहायची अक्कल नसते. उत्रोलीहून मला बैलगाडीत घालून भोरला दवाखान्यात नेलं. अजून संस्थान होतं. पोट फाडायचं म्हणजे माणूस गेल्यातच जमा, असं लोक धरून चालत. डॉक्टर म्हणाले, आतड्याचं शेपूट सुजलंय, आजच काढायला हवं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नुसती मान हलवली.

नाकाला फडकं लावून भूल देतात एवढं मी ऐकून होते. पण मला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि कण्यात सुई टोचली. आधी पाय उबदार झाले, मग जड झाले, मग नाहीसेच झाले. मी मात्र पुरती शुद्धीत होते. नर्सबाईंनी माझा पाय उचलून सरळ ठेवला, तो मी कुणा परक्या बाईचा असावा तसा पाहिला. चार माणसांपुढं अशी उघडी पडले होते, आणि डोळे मिटून घेणं एवढाच पदर माझ्याकडे उरला होता.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळपर्यंत पायही परत आले. लघवी मात्र अडून बसली. पोट तटतटलं तरी सांगायची लाज. शेवटी नर्सबाईंनीच ओळखलं आणि नळी घातली. "या भुलीनं होतं गं असं कुणाकुणाला," त्या म्हणाल्या, "सांगायचं नाही होय?" मी भिंतीकडे तोंड करून रडले.

मामंजी दारात उभे असताना डॉक्टर बजावून गेले, "उद्या संध्याकाळपर्यंत उशी नाही आणि उठून बसणं नाही. मणक्यात सुई गेली आहे. उठलीस तर डोकं धरेल." ते आम्ही दोघांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गावाकडून भाकरी आणि दूध घेऊन आले. आमच्या घरची रीत अशी, की मामंजी ओसरीवर आले की सुनेनं हातातलं टाकून उभं राहायचं, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. फारच निकड असेल तर भिंतीला किंवा मांजराला सांगायचं, ते त्यांनी ऐकायचं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांचं धोतर दारात दिसलं आणि मी टाके हातानं धरून उठून बसले. डोक्यावर पदर घेतला. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग गाठोडं खाली ठेवलं आणि पाठ फिरवून गेले.

डोकं धरलं ते उठून बसले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बसले की मानेतून कळ निघायची, ती कपाळात येऊन ठोके घालायची, उलटी व्हायची. आडवी झाले की गायब. डॉक्टर रागावले, म्हणाले आपोआप जाईल, कुणाला वेळ लागतो. टाके काढून घरी आले तरी ते गेलं नव्हतं.

आता विचार करा. लावणीच्या दिवसांत सून घरात निजून, आणि निजली असेल तोवर हसतबोलत. शेतात चल असं मला कुणी म्हणालं नाही, पण शेतातल्या माणसांच्या भाकऱ्या थापायला काय झालं? मी चुलीपुढं बसायची, एक भाकरी तव्यावर टाकायची आणि परातीवरच ओकारी यायची. आत्याबाई, माझ्या सासूबाई, शेजारणीला ऐकवायच्या, "पडली की बरी, उटली की आजारी. असलं दुखनं मला बी दे रं देवा!" मी चौथी पास होते, तेही निघालं. "शिकल्याली हाय. दुखनं बी शिकून आलीया." एकदा सरळच म्हणाल्या, "लावनी सरू दे. मग धाडू हिला येल्ह्याला, बापाकडं. निजंना तिकडं." आईपुढं आमचे हे कधी बोलले नव्हते, तेव्हाही नाही.

मला माहेरी टाकणार, या भीतीनं माझी झोप उडाली होती. वाचवू शकेल असा एकच माणूस घरात होता. डॉक्टर काय म्हणाले ते मामंजींनी ऐकलं होतं, मी कुणासाठी उठले तेही पाहिलं होतं. ते जेवायला बसले की मी आतून कान देऊन पडायची. आता बोलतील, आता बोलतील. ते ताटात हात धुवायचे आणि उठून जायचे. सुनेच्या दुखण्याविषयी सासऱ्यानं बोलावं तरी कसं? हळूहळू मलाच वाटायला लागलं, की मी खरंच कामचुकार असेन.

एका दुपारी उठून पाणी प्यायले आणि डोकं दुखलंच नाही. घरात दोन चकरा मारल्या. नाही दुखलं. आनंदानं चूल पेटवली, भाकऱ्यांची चवड लावली. संध्याकाळी सगळी माणसं डोक्यापाठीवरची पानांची इरली निथळत शेतातून परत आली. आत्याबाईंनी मला चुलीपुढं पाहिलं आणि म्हणाल्या, "आज लावनी सरली. आता बरं वाटायचंच."

मी मेल्याहून मेली झाले. निदान उद्याचा दिवस तरी दुखू दे, असं मी देवाला विनवलं. मामंजी अंगणात पाय धूत होते. बैल केव्हाच बांधून झाले होते, तरी ते परत गोठ्यात गेले.

मला वेल्ह्याला धाडलं नाही. पण त्या घरात मी पुन्हा दिवसा आडवी झाले नाही, तापातही नाही, दिवस राहिले तेव्हाही नाही.

संस्थान गेलं त्या सुमाराला मामंजी दम्यानं अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी पेज घेऊन गेले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच सांगितलं, "तवा दवाखान्यात म्या 'उटू नगं' म्हनाया पायजे हुतं. घरात बी बोलाया पायजे हुतं. लाज वाटली."

मी पदर सारखा केला, पेजेची वाटी खाली ठेवली आणि बाहेर आले. भिंत माझ्याही समोर होती. 'मनात ठेवू नका,' एवढं तिला सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं.