अजून तुम्हीच राहता ना?

माझ्या बाबांची थोरली बहीण, शकूआत्या, नाशिकला आमच्या दाराशी आली की बेल कधी वाजवायची नाही. आधी पाटीवरचं नाव वाचायची, मग बाहेरूनच ओरडायची, "आजून तुम्हीच राहता ना रं इथं?" वर्षानुवर्षं ती दर भाऊबीजेला त्याच फ्लॅटमध्ये येत होती, तरी हे चुकलं नाही. आम्हा मुलांना हसू आवरायचं नाही. बाबा खुर्चीतूनच "हो, ये" म्हणायचे.

संशय हा तिचा स्वभावच. पंचवटीच्या बाजारात तिचा भाजीचा गाळा होता. तिनं सांगितलेला भाव गिऱ्हाइकानं घासाघीस न करता मान्य केला, तर तिला दिवसभर चैन पडायचं नाही. "लय गोड बोलतोय, काहीतरी हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते तिनं ऐन साखरपुड्यात माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दलही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

त्यामुळे गिरणारे गावाकडचं विकाऊ घर बघायला आत्याला नेऊ नये, असं विलासचं, म्हणजे त्याच नवऱ्याचं, म्हणणं होतं. तीन एकर जमीन, विहीर, आंब्याची झाडं आणि मधोमध कौलारू घर. पहिल्याच खेपेला आमचा जीव जडला होता त्यावर. मुलांचं बालपण तिथंच जावं, असं आम्ही मनोमन ठरवूनही टाकलं होतं. तरी मी हट्टानं आत्याला नेलंच.

मालक मोठे अगत्यशील. "आई गेल्यापासून घर बंदच आहे. इकडे कोणी फिरकत नाही," म्हणाले. आत्या घराला वळसा घालून आली.

"भर मे म्हयन्यात तुळस हिरवी कशी? पानी कोन घालतं?"

"गडी घालत असेल," मालक हसले.

आत्यानं पायरीवर बसकण मारली. "मंग गड्याला बघूनच जाऊ."

विलास सारखा घड्याळाकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊन कललं तशी बांधावरून एक बाई कळशी घेऊन आली. तिनं तुळशीला पाणी घातलं, आमच्याकडे पाहिलं आणि मालकांना विचारलं, "दादा, पाव्हणे कुठले रे?" मालकांनी मान खाली घातली. ती त्यांची सख्खी बहीण, शेजारच्याच गावात दिलेली. घर विकायला काढल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आत्या उठली. "चला. हे घर नको आपल्याला."

परतताना विलास तावातावानं गाडी चालवत होता. मीच चिडून विचारलं, "तुला संशय आला तरी कसा?"

"तुझ्या बापानं निफाडचं आमच्या आई-बापाचं घर इकलं, तवा मला तरी कुठं सांगितलं?" आत्या म्हणाली. "दिवाळीत पणती लावाया गेले. दार परक्या बाईनं उघडलं. 'कोन पायजे?' म्हनली."

मला रडूच कोसळलं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं.

पुढच्या भाऊबीजेला बाहेरून तीच हाक आली. बाबा खुर्चीतून उठले आणि स्वतः जाऊन त्यांनी दार उघडलं. "हो अक्का, मीच राहतो," म्हणाले.

आत्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आज सोता उठलास? सही पायजे का कशावर?"