मिलोची भाकर
नात आयर्लंडला नर्स आहे. परवा फोनवर म्हणाली, "आज्जी, इथल्या जुन्या भाषेत बटाट्याला प्राता म्हणतात, जास्त असले की प्राती. आपल्यासारखाच तिथं बी 'तो' बटाटा, 'ती' न्हाई. बटाटा बाहेरून आला, नाव बी त्याच्यासंगंच आलं." मला मिलो आठवली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावी रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली आणि मिलो हे नाव पोत्यांबरोबरच आलं. पिठाला गोदामाचा कुबट वास यायचा, भाकरी तव्यावरच फाटायची. पहिल्याच दिवशी सासूनं ताट सरकवलं. "ही भाकर न्हाई, डुकराचं खाणं हाय. देवाला निवद दाखवता येत न्हाई, मंग मी कशी खाऊ?" नवरा चिडला, "माय, देव बी आता रेशनवरच हाय. खाय!" "तू खाय. तुला दात हायेत," ती म्हणाली. दुसरं धान्य घरात नव्हतं. मी पिठाची उकड काढून मऊ भाकर केली, दूध नव्हतं म्हणून पाण्यात कालवून दिली, तरी तिनं तोंड उघडलं नाही. नुसत्या काळ्या चहावर ती वाळत गेली आणि एका सकाळी उठलीच नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीण पिठलं आणि मिलोच्या भाकरी घेऊन आली. "भाकर आन्ली, खा," ती म्हणाली. ही भाकर न्हाई, असं आता कुणी म्हणालं नाही. सासूला दुष्काळानं नेलं, असं लोक आजही म्हणतात. त्या दिवशी मी मिलोची भाकर पोटभर जेवले.